आबांनी झाकून ठेवलेलं बटण

आबा गेल्याचा फोन ज्योतीने केला, तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘डॉक्टरांनी नीट बघितलं का?’’ बाप गेल्याचं सांगणाऱ्या पोरीला कुणी असं विचारतं का... पण आबांच्या बांधाला बांध लावून आयुष्यभर केळी लावली की माणूस असाच होतो. एसटीची पाटी वाचून झाल्यावरही आबा कंडक्टरला विचारायचे, ‘‘बोदवडलेच जाईन ना?’’ आणि गाडी सुटली की शेजारच्या प्रवाशाला पुन्हा तेच. औषधाच्या गोळ्या आणल्या की पाकीट उन्हात धरून वाचायचे. केळीचे व्यापारी त्यांना लांबून बघूनच चहा सांगायचे, कारण बोलणं लांबणार हे ठरलेलं. मुक्ताईनगरच्या आमच्या पट्ट्यात त्यांना फसवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

अशा माणसाने जुनी गाडी घेतली, आणि तीही व्याह्याची. ज्योती त्यांची एकुलती एक, धुळ्याला दिलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी, प्रभाकरनानांनी, घरची मोठी गाडी विकायला काढली. आत सात माणसं बसतील अशी. गिअरशेजारी एक गोल बटण; ते फिरवलं की पुढच्या चाकांबरोबर मागचीही ओढू लागतात. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलसुद्धा रुततो, म्हणून आबांना नेमकी अशीच गाडी हवी होती. आम्ही जळगावहून ओळखीचा मिस्तरी बरोबर घेतला. पारोळ्याला चहाला थांबलो, तर आबांनी त्याला परतीच्या एसटीत बसवून दिलं.

‘‘व्याह्याच्या अंगनात त्याच्याच गाडीखाली मिस्तरी घालू का मी?’’ ते मला म्हणाले.

धुळ्याला गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती. ‘‘मनी घरनी गाडी शे, आबा. बठ्ठी चांगली शे. चारी चाकं वढतस,’’ नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. दारात ज्योती चहाचा ट्रे धरून उभी होती आणि बापाकडे बघत होती. बाजारात एक टरबूज घ्यायचं तर चार वाजवून बघणाऱ्या आबांनी गाडीचं बॉनेटदेखील उचललं नाही. मी पुढे सरकलो, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

येताना एरंडोलपाशी त्यांना कसला तरी आवाज ऐकू आला. नशिराबादला गाडी थांबवून त्यांनी पायातली मॅट उचलून हुंगली. गाडी कधी पुरात तर बुडाली नसेल? मला आधी काही वास येत नव्हता, मग मलाही येऊ लागला. खरं सांगायचं तर गाडी उत्तम चालली. लग्नकार्यं झाली, अक्कांचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती कुठे अडली नाही. तक्रारीला जागाच नव्हती, आणि आबांना नेमकं तेच संशयास्पद वाटायचं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी वायरमनची काळी चिकटपट्टी दाताने तोडली आणि त्या बटणावर आडवी-उभी चिकटवली. मी कारण विचारलं.

‘‘भाऊ, हे फिरवलं आन् मागची चाकं नाही फिरली, तं मले कळंन. कळलं का माह्यं तोंड गप नाही बसनार. आन् मंग बोल बसतीन पोरीले.’’

झालं. चिखलासाठी घेतलेली गाडी डांबरी रस्त्यावर उभी राहायची आणि आबा चपला हातात घेऊन शेतात चालत जायचे. लोक हसायचे. मला राग यायचा... एका बटणापायी माणूस किती हाल करून घेणार? सणावाराला नानांचा फोन यायचा, ‘‘गाडी काय म्हनस, आबा?’’

‘‘एक नंबर, नाना,’’ आबा म्हणायचे आणि लगेच फोन ठेवायचे.

आपली थोडी राख शेतात टाकावी, असं आबांनी सांगून ठेवलं होतं. राख सावडून झाल्यावर ज्योती, नाना आणि मी त्याच गाडीने निघालो. ज्योती चालवत होती. रडून तिचे डोळे सुजले होते, डांबरी रस्त्यावरच थांबायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. आमच्या बांधाजवळ पावसाच्या चिखलात गाडी रुतली. नाना तिच्या शेजारी बसले होते. त्यांची नजर बटणावर गेली.

‘‘हाई पट्टी कसाले लायेल शे?’’

ज्योतीने पुन्हा गाडी रेटून बघितली. मी मागून म्हणालो, ‘‘बटण ढिलं झालं होतं.’’ ते नानांना पटलं नाही, हे मला त्यांच्या मानेवरूनच दिसलं. त्यांनी पट्टीच्या टोकाला नख लावलं. मग बोट काढून घेतलं.

‘‘मी बी हाई बटन कधी फिराई दखं नही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘आमना धुळामा इतला गारा-चिखल कोठे? इकनारा म्हने चारी चाकं वढतस... मी बी मानी लिधं.’’

आणि ते दार उघडून चिखलात उतरले. पांढरे कपडे घातलेले आम्ही दोघं म्हातारे मागून ढकलत राहिलो. गाडी निघाली, पण पट्टी कुणी काढली नाही. त्या दिवशी मला आबांची फार आठवण आली. खरं म्हणजे हसूच आलं, आणि मग रडू आलं.

परवा अक्कांची औषधं आणायला माहेरी आलेली ज्योती मला मुक्ताईनगरला घेऊन निघाली. गाडीजवळ गेलो तर चारही चाकं ओल्या काळ्या मातीने माखलेली, पार दारापर्यंत. आत बसलो. बटणावर पट्टी होती. पण आबांची पट्टी दाताने तोडलेली, वेडीवाकडी होती. ही कात्रीने सरळ कापलेली होती, नवी, चकचकीत.

म्हणजे पोर एकटीच शेतात जाऊन आली होती. पट्टी काढून, बटण फिरवून तिने काय ते बघून घेतलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही लागलं नाही हाताला.

‘‘काका, आबांसारखं बघू नका,’’ ती म्हणाली.

गाडी रस्त्याला लागली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. पलीकडे नाना होते. अक्कांची चौकशी झाली, औषधांची झाली. मग त्यांनी विचारलं,

‘‘गाडी काय म्हनस, बेटा?’’

ज्योतीने रस्त्यावरची नजर काढली नाही.

‘‘एक नंबर, नाना,’’ ती म्हणाली, आणि मला फोन ठेवायची खूण केली.