चौदा नंबरचं दार

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईंमुळे माझी नोकरी राहिली. हे आधी सांगतो, कारण त्या दिवशी मी ते कुणालाच सांगितलं नाही.

बालाघाटला दारांच्या कारखान्यात मी गाडी भरायला लागलो तेव्हा घर फार लांब होतं आणि शाळा सातवीतच सुटलेली. भरवेलीकडे एका ठेकेदाराची घरं उभी राहत होती. प्रत्येक चौकटीचं माप वेगळं, म्हणून कॉम्प्युटर दारांना नंबर देई आणि त्याच क्रमाने ती गाडीत जात. एखादं दार तयार नसलं तर त्याची जागा रिकामी सोडायची, एवढाच नियम.

चौदा नंबरचं दार तडकलं, सुताराकडे परत गेलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आमच्याकडे पंगतीतून कोणी उठलं की पुढचा सरकून बसतो. मधलं पान रिकामं बरं दिसत नाही. मी पंधरावं दार चौदाव्याच्या जागी सरकवलं, मग सोळावं, आणि हातातल्या मशीनवर ‘हो’, ‘हो’ दाबत, निघाल्या तशा नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवत गेलो; पंधराव्या दारावर चौदाची चिठ्ठी. तिकडे मिस्त्रीनं चिठ्ठ्या पाहून दारं लावायला घेतली. संडासाचं दार पुढच्या खोलीला आलं. सगळा माल परत.

साहेबांनी सकाळी सगळ्यांना गोळा केलं. मला म्हणाले, “गिन. एक से.”

मी मोजलं.

“चौदह के बाद?”

“पंद्रह.”

“गिनना आता तो है. फिर से गिन.”

चार वेळा मोजायला लावलं. लोक हसले. मीही हसलो. मग साहेब म्हणाले, “इसका हिसाब कर दो.”

ताई खुर्चीवरूनच बोलल्या, “त्यानं नाही सर. लिस्ट मीच सरकवली. त्याले काय समजते?”

त्याच दिवशी त्यांना दारं घासायला पाठवलं. मी पुढची गाडी भरायला गेलो.

दुपारी डबा उघडवेना. शेजारी बसलेल्या ताईंच्या पापण्यांवर भुसा बसला होता.

“काहून, भूक नाही?”

“ताई, तुम्ही काहून म्हटलं तसं?”

“माह्या घरी दोघं कमावतात. तुह्या घरी तू एकटा, बहीण शिकते. खा गुपचूप.”

त्या खुर्चीवर आता साहेबांचा भाचा बसतो. गाडी भरताना ताईंचा खोकला मला ऐकू येतो, आणि मी दारं मोजत राहतो. ताई, एक दिवस असंच सगळ्यांपुढे, साहेबांपुढे, सांगणार आहे की सरकवलं ते मी. बहिणीचं शिक्षण तेवढं होऊ द्या.