सातच्या बातम्यांतली दुरुस्ती

आधी माफी मागतो. ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्याची भाषा मला येत नाही, त्याचा देश मी पाहिलेला नाही आणि आमची ओळख जेमतेम सव्वा वर्षाची. त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क खरं तर त्यांच्या बायकोचा किंवा त्यांच्या गावातल्या लोकांचा. शिवाय आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, छापून येईल असं काही लिहायची सवय नाही. पण मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक ताई म्हणाल्या, "मँचेस्टरमध्ये भेटलेल्या एखाद्या माणसावर लिही," तेव्हा दुसरं कोणी डोळ्यांसमोर येईना. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचा प्रयत्न करतो.

रेडिओ अंकल बोलत नसत, बातम्या देत. आधी ठळक मुद्दे, मग सविस्तर वृत्त. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या दारात ते सिक्युरिटी गार्ड होते. पहिल्याच दिवशी माझं कार्ड गेटला लागेना. मागे रांग वाढत होती, मला दरदरून घाम फुटला होता. तेवढ्यात डेस्कमागून भारदस्त आवाज आला, "गुड मॉर्निंग. ठळक बातमी. एका विद्यार्थ्याचं कार्ड चालत नाही. सविस्तर वृत्त असं, की त्याने रजिस्ट्रेशन पूर्ण केलेलं नाही. उपाय दुसऱ्या मजल्यावरच्या काउंटरवर उपलब्ध आहे. आता हवामान. मागच्या रांगेत पारा चढतो आहे." रांगेतली पोरं हसली, मग मीही हसलो. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच.

नायजेरियात नायजर नदीकाठच्या एका गावात छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथे ते पुष्कळ वर्षं इगाला भाषेत सकाळी सातच्या बातम्या वाचत. त्यांचं नाव माझ्याच्याने नीट उच्चारलं जाईना, म्हणून मी चाचरत विचारलं, "अंकल म्हणू का?" ते म्हणाले, "म्हणायलाच हवं. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणारी पोरं आमच्याकडे मार खातात." 'रेडिओ' मी मनातल्या मनात जोडलं होतं, ते एकदा तोंडातून निसटलं. त्यांना आवडलं. त्याची परतफेड म्हणून ते मला 'प्रोफेसर' म्हणू लागले.

कुठलीही बातमी दोन तोंडांतून आल्याशिवाय ते खरी धरत नसत. एकदा एक मुलगी धावत आत आली. ट्राम बंद पडल्यात, सगळ्यांनी लवकर निघा, असं सांगत सुटली. अंकलनी तिला थांबवलं.

"तू पाहिलंस?"

"नाही, ग्रुपवर आलंय."

"ग्रुप स्टॉपवर उभा आहे का?"

मग त्यांनी ट्राम चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, त्यानंतर स्टॉपजवळच्या कॅफेत. ट्राम चालू होत्या, एक गाडी दहा मिनिटं अडकली होती एवढंच. तोवर अर्धा मजला रिकामा झाला होता. "बघ," ते मला म्हणाले, "बातमी खोटी होती, पण खुर्च्या खरोखर रिकाम्या झाल्या." तेव्हा मला तो विनोद वाटला.

माझं डिझर्टेशन नायजेरियातल्या बातम्यांवर होतं. माझ्या गाइडने जमवलेली तिथली शेकडो बातमीपत्रं होती. निवडणुकीच्या आधी काय सांगितलं गेलं आणि मग लोक मतदानाला आले की नाही, हे मला ताडून पाहायचं होतं. प्रत्येक बातमीपुढे मी चांगली, वाईट किंवा तटस्थ अशी खूण करत असे. अंकल ब्रेकमध्ये माझ्या शेजारी बसून लॅपटॉपमध्ये डोकावत. 'मतदान कमी होण्याची शक्यता' या बातमीपुढे मी 'तटस्थ' लिहिलं होतं. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"शक्यता कोणाला वाटली?"

"ते दिलेलं नाही."

"किती वाजता वाचली?"

"सकाळी सहाला."

"मग ही बातमी नाही, प्रोफेसर. ही सूचना आहे. पहाटे उठलेल्या बाईला सांगितलंय की कोणी जाणार नाही, तूही जाऊ नकोस." मी खूण बदलली. पुढे त्या एका वाक्यावर माझ्या डिझर्टेशनचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. गाइडने शाबासकी दिली तेव्हा हे सुचलं कोणाला ते मी सांगितलं, पण सांगताना आवाज फारच खाली गेला, याची आजही लाज वाटते.

त्याच सुमारास आमच्याकडे वाशिमलाही निवडणूक होती. बाबा चौकात इस्त्रीची गाडी लावतात. फोनवर मी विचारलं, "मत टाकून आलात का?" बाबा म्हणाले, "टीव्हीवाल्यायनं कोन येनार ते ठरोलं बाप्पा. आता मी जाऊन काय करू? अन् तू तिथं शिकाले गेला का हे इचाराले?" फोन स्पीकरवर होता. अंकलना शब्द कळले नाहीत, सूर कळला. मी सांगितल्यावर ते हसले नाहीत. "वडिलांना सांग, टीव्हीच्या बोटाला शाई लागत नाही. ती तुमच्याच बोटाला लागते." मी सांगितलं. बाबांनी इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कोन मानूस हाय हा?" मतदान संपायला दोन तास असताना ते गाडी शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवून जाऊन आले.

ते ऐकून अंकल इतके गंभीर का झाले, हे मला काही दिवसांनी कळलं. स्टाफरूममध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची बाटली आमच्यामध्ये होती. त्यांच्या देशात दाणे असे बाटलीत भरूनच विकतात. त्या दिवशी त्यांनी ठळक मुद्दे दिले नाहीत, थेट मधूनच सुरुवात केली. त्यांच्या गावात स्थानिक कौन्सिलची निवडणूक होती. नदीकाठच्या वॉर्डातून त्यांचा शाळेपासूनचा मित्र उभा होता. हा आमे मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचा. सातला पाच मिनिटं असताना एका वार्ताहराचा फोन आला, नदीकाठच्या वॉर्डात गडबड झाली, मतदान रद्द झालं. दुसऱ्या कोणाला विचारायला वेळ नव्हता. अंकलनी ते वाचलं.

"गडबड झालीच नव्हती," ते म्हणाले. "मतपेट्या उशिरा आल्या होत्या. दहाला मतदान सुरू झालं. पण लोक घरी परतले होते. पोरांना पाठीशी बांधून निघालेल्या बायांनी पोरं खाली ठेवली. का? तर माझा आवाज होता. बावीस वर्षं मी खोटं बोललो नव्हतो ना!"

आमे मास्तर हरले. अंकलनी दुपारी दुरुस्ती वाचू द्या म्हटलं, तर केंद्राचे साहेब म्हणाले, दुरुस्ती वाचली की पुढच्या वेळी आपलं कोण ऐकेल? गावात बोलवा उठली की मित्राला पाडायला याने पैसे खाल्ले. आमे मास्तरांनी ना भांडण केलं ना जाब विचारला. फक्त घरातला रेडिओ उचलून कोणाला तरी देऊन टाकला आणि अंकल समोरून आले की रस्ता बदलू लागले. पुढे त्यांच्या बायकोला, म्हणजे आंटींना, मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली आणि अंकल त्यांच्याबरोबर आले.

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. दुरुस्ती त्याच केंद्रावरून वाचली जावी, आणि तीही निवडणुकीच्या सकाळी सातला. दर वर्षी ते केंद्राला पत्र पाठवत. उत्तर कधीच आलं नाही. मी शहाणपणाने सुचवलं, "व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाका, तासाभरात गावभर होईल." ते म्हणाले, "प्रोफेसर, मी चौकात खोटं बोललो आणि माफी गल्लीत मागू?"

डिझर्टेशनसाठी मी तिथल्या काही वार्ताहरांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. त्यात त्याच केंद्रावरची ब्लेसिंग नावाची तरुण वार्ताहर निघाली. बोलता बोलता मी अंकलची हकीकत तिला सांगून टाकली, अंकलना न विचारता. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने हे त्यांना कळवलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"माझी गोष्ट तू माझ्याआधी प्रसारित केलीस?"

आठवडाभर ते माझ्याशी 'कार्ड प्लीज' याखेरीज एक शब्द बोलले नाहीत. आठव्या दिवशी गेटवर मला अडवून हळूच म्हणाले, "ती मुलगी काय म्हणाली?"

ब्लेसिंगने नव्या साहेबांना तयार केलं होतं. अंकलनी स्वतःच्या आवाजात दुरुस्ती पाठवावी, पुढच्या निवडणुकीच्या सकाळी ती लावू. लायब्ररीची एक छोटी खोली आम्ही तासाभरासाठी घेतली. आवाज घुमू नये म्हणून माझं जॅकेट आणि त्यांचा युनिफॉर्मचा कोट खुर्च्यांवर टांगला. मजकूर चार वाक्यांचा होता. त्यांनी तो अकरा वेळा वाचला. भाषा कळत नसूनही मला कळत होतं, की 'आमे' या शब्दापाशी दर वेळी श्वास अडतो आहे. अकराव्या वेळी अडला नाही. "हा पाठव," म्हणाले, आणि कोट घालून ड्युटीवर गेले.

निवडणूक पुढे गेली. मग आणखी एकदा पुढे गेली. दरम्यान अंकलच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि लायब्ररीच्या दारात दुसरा गार्ड दिसू लागला. मी ट्रामने हॉस्पिटलला जायचो, दुपारच्या भेटीच्या वेळेत. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ऐकायला वाकावं लागे. दर वेळी पहिला प्रश्न तोच, "तारीख?"

एकदा आंटींनी मला वॉर्डाबाहेर गाठलं. त्या स्वतः नर्स, त्यांना सगळं कळत होतं. म्हणाल्या, "बेटा, दुरुस्ती वाचली म्हणून सांगून टाक ना त्यांना. काय बिघडतं? शांतपणे जातील." मी नाही म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "अंकल, लावली. काल सकाळी सातला."

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, "कोणी ऐकली?"

ब्लेसिंगचं नाव घ्यावं, शेजाऱ्यांचं घ्यावं, काहीतरी रचावं असं मनात आलं, पण जीभ उचलेना. त्यांनी चादरीवरून हात सरकवत माझ्या मनगटावर ठेवला.

"घाई केलीस, प्रोफेसर," ते म्हणाले. "मीही अशीच केली होती. कोणाचं तरी भलं होईल म्हणून नाही, सात वाजत आले म्हणून. तुझी घाई माझ्याहून बरी."

मी रडलो. आंटी दारात उभ्या होत्या, त्याही. अंकल मात्र डोळे मिटून पडून होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आता खरी बातमी दे." मी सांगितलं, की अजून तारीख नाही. त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. आंटींनी त्यांना मँचेस्टरलाच, शहराबाहेरच्या एका दफनभूमीत ठेवलं. त्या दिवशी लायब्ररीतले सहा जण आले होते आणि ट्राम चालवणारा तो ओळखीचा माणूस.

मी डिग्री घेतली, केंब्रिजला नोकरी लागली. ब्लेसिंगला अंकल गेल्याचं कळवलं होतं. तिने विचारलं, रेकॉर्डिंग लावण्याआधी श्रोत्यांना तसं सांगू का? आंटी म्हणाल्या, नको, त्यांनी पाठवलं तसंच जाऊ दे. त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. मीही विचारायचं सोडून दिलं होतं.

गेल्या महिन्यात ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिचा लांबलचक मेसेज आला. निवडणूक झाली होती. सकाळी सातच्या बातम्यांत आधी दुरुस्ती लावली, मग बाकीच्या बातम्या. नऊच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ मतदान करून थेट केंद्रावर आले. पायी आले होते, धापा टाकत होते. म्हणाले, मी आमे. रांगेत कोणाच्या तरी रेडिओवर त्याचा आवाज ऐकला. आवाज अगदी तसाच आहे, जराही म्हातारा झालेला नाही. त्याचा इंग्लंडचा फोन नंबर द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे.

ब्लेसिंगने लिहिलं होतं, की तिने त्यांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं.