पद्मावतीचा थकवा

पद्मावती लहानपणापासून दमलेलीच असायची. बसवनगुडीच्या घरी भावंडं गच्चीवर हुंदडायची, ही जिन्यातच टेकायची. आई म्हणायची, "अंगचोर आहे नुसती." मोठा भाऊ हयवदन याची प्लीहा शाळेत असतानाच काढून टाकली होती. मलेरियामुळे वाढली असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यामुळे घरात तो आजारी ठरला आणि ही आळशी.

पुढे ती जयनगरच्या शाळेत गणित शिकवू लागली, तेही खुर्चीत बसून. चाळिशीत पोट पुढे आलं. लग्न केलेलं नव्हतं, तरी बसमध्ये बायका गरोदर समजून "बन्नी अक्का, कूतकोळ्ळी" म्हणत उठून जागा द्यायच्या. ती खुलासा करत बसायची नाही, निमूट बसून घ्यायची. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली. हाडं ठणकायची ती ठणकतच राहिली.

एकदा वर्गात तिच्या नाकातून रक्त येऊ लागलं, ते थांबेचना. इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरची शंका आली, म्हणून कमरेच्या हाडातली मज्जा तपासायला घेतली. निकाल सांगायला डॉक्टर शाल्मली आल्या. पुण्याच्या, वयानं लहान.

"कॅन्सर नाहीये. याला गोशे म्हणतात," त्या म्हणाल्या. "रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जुन्या, मेलेल्या पेशी गिळतात. गिळलेलं पचवायला त्यांच्या आत बारीक पिशव्या असतात, लायसोसोम. तुमच्या पिशव्यांत एक एन्झाइम फार कमी आहे. त्यामुळे एक प्रकारची चरबी पचतच नाही. ती साचते, पेशी फुगतात आणि प्लीहेत, हाडांच्या मज्जेत ठाण मांडून बसतात. मग नवं रक्त तयार व्हायला जागा कुठून उरणार?"

"हे कधीपासून?"

"जन्मापासून."

पद्मावतीनं पाणी मागितलं.

"भावंडांमध्येही असू शकतं," शाल्मली म्हणाल्या. "कुणाला त्रास आहे?"

"अण्णाची प्लीहा लहानपणीच काढलीय. आता लंगडतो."

शाल्मलींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांना घेऊन या."

हयवदनचं आनेकलला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. रविवारी ती बसनं तिथं गेली. काठी भिंतीला टेकवून तो स्टुलावर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मलेरिया नव्हताच?"

"नव्हता."

"आणि हा खुबा?"

"त्याचंही कारण हेच असणार, म्हणाल्या."

"आता कळून काय करू, पद्मी? पुन्हा सुया, पुन्हा इस्पितळ. मला झेपत नाही गे."

त्याची समजूत घालायला तिच्याही अंगात त्राण नव्हतं. ती म्हणाली, "मलाही नाही झेपत. पण तिथं एकटीनं पडून राहायचं जिवावर येतं, अण्णा."

हयवदननं काठी हातात घेतली. "सरी, बरं. येतो."

त्याच्या रक्तातही ते एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. औषध फार महाग, ते सरकारकडून मंजूर व्हायला पुष्कळ महिने गेले. तोवर पद्मावतीची रजा संपली आणि तिनं नोकरी सोडली. आता दर पंधरवड्याला दोघं शेजारशेजारच्या खाटांवर पडतात आणि एन्झाइम थेंबाथेंबानं शिरेतून जातं. तिची फुगलेली प्लीहा लहान झाली, पोट ओसरलं, नाकातून येणारं रक्त थांबलं. हयवदनचं खुब्याचं हाड मात्र मरून गेलेलं होतं, ते औषधानं परत येणार नव्हतं. खुबा बदलल्यावर तो बहिणीकडेच राहायला आला. स्वयंपाक तिचा, भांडी त्याची, असं ठरलंय. कधीकधी भांडी तशीच पडून राहतात. आळशी कुणी कुणाला म्हणत नाही.