झुबेदाखालाचं कहा-सुना

जुन्नरमधल्या आमच्या बायकांच्या वर्गाचे किस्से बाहेर सांगायचे नाहीत, असं मी दर आठवड्याला ठरवते. आणि दर आठवड्याला एकाची भर पडते. मग पोटात मावत नाहीत.

हैदराबादला दीनी तालीम, म्हणजे धर्माचं शिक्षण, पुरी करून परत आले तेव्हा डोक्यात चित्र तयार होतं. विषय तज़किया, म्हणजे अंतःकरणाची सफाई. राग, दिखावा, मत्सर, चुगली हे मनाचे आजार आणि त्यांचे इलाज. शांत खोली, झुकलेल्या माना, एखादीच्या डोळ्यांत पाणी. प्रत्यक्षात आमच्या ओसरीवर आठ-नऊ बायका जमल्या आणि मधोमध मेथीच्या जुड्यांचा ढीग.

"तू बोल, कान रिकामेच हायेत," झुबेदाखाला म्हणाली.

खाला वर्गातली सगळ्यांत थोरली, आवाजानंही. तिच्या घराला भिंत लावून हसीनाचाचीचं घर. दोघी ढिगाच्या दोन टोकांना बसायच्या आणि एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायच्या.

"सना, तिला सांग, मुळं इकडं टाकू नको."

"सना, तिला सांग, ऐकलं."

मी मनाचे आजार शिकवत होते आणि मधल्या मधे टपाल वाहत होते. का बोलत नाहीत, हे आईला विचारलं तर ती म्हणाली, "वर्गात विचारू नकोस म्हणजे झालं."

*

पहिला धडा रागाचा. राग आला की उभं असाल तर बसा, बसलेलं असाल तर आडवं व्हा, ही शिकवण मी अगदी रंगवून सांगितली.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या शमीमभाभीची सासू काठी टेकत दारात आली. "सना, हिला उठायचा बी धडा दे बाई. सोमवारपासनं घरात आडवीच हाय."

भाभीनं मेथीतून मान वर काढली नाही. "राग यायचा थांबला की उठते, अम्मी."

*

मग दिखावा. एक नेकी अशी करा की कुणाला कळता कामा नये, एवढाच गृहपाठ.

सगळ्यांना एकच सुचलं. गल्लीच्या टोकाला फातिमाबी एकट्या राहतात. शुक्रवारी दुपारी त्यांनी दार उघडलं तर उंबऱ्यात पाच डबे आणि माणूस एकही नाही. त्या घाबरल्या. करणीच केली कुणीतरी, म्हणून मशिदीतून मौलानांना बोलावणं धाडलं.

मौलाना खाली वाकले. लग्नातल्या भांड्यांवर असतात तशी पाचही डब्यांच्या कडेला मालकिणींची नावं कोरलेली होती.

"करणी करणाऱ्या बाया लई सरळ दिसतात," ते म्हणाले. "नाव टाकून गेल्यात."

खालाचा आणि चाचीचा डबा शेजारी शेजारी होता. ते तेवढं दोघींनाही रुचलं नाही.

*

चुगलीचा धडा मी सगळ्यांत जोरात घेतला. समोर नसलेल्या माणसाचं वाईट बोलायचं नाही, खरं असलं तरी.

मग शमीमभाभीनं विचारलं, "समोर म्हंजे, फोनवर चालंल का?" आणि तिनं खरंच नणंदेला फोन लावला, स्पीकर चालू करून मधे ठेवला. "हां, आता बोला."

सगळ्या हसल्या. हसीनाचाची हसली नाही.

"आणि तशा बोलण्यानं कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं तर?" तिनं मला विचारलं. या वेळी "तिला सांग" नव्हतं.

मग तिनंच सांगितलं, तेव्हा मला कळलं. चाचीच्या रेश्माला वारूळवाडीचं स्थळ आलं होतं. ते लोक भिंतीपलीकडे चौकशीला गेले. खालानं सांगितलं, पोरगी तोंडाळ आहे. स्थळ पुन्हा फिरकलं नाही. रेश्मा अवसरीला इंजिनिअरिंगला गेली, आता पुण्यात नोकरी करते.

"म्हंजे माझ्यामुळंच इंजिनियर झाली की," खाला म्हणाली. "माफी कशाची? मला पेढे द्याय पायजेत."

चाची उठून घरी गेली. तिची मेथी तशीच राहिली.

*

पुढे खालाचं उमऱ्याचं, म्हणजे मक्केच्या यात्रेचं, तिकीट आलं. आमच्याकडे रिवाज आहे, निघण्याआधी प्रत्येकाकडून "कहा-सुना माफ" करून घ्यायचं. बोलण्या-ऐकण्यात कुणाचं मन दुखलं असेल तर ते पोटात घाला, असं दारोदार जाऊन म्हणायचं.

खाला कामाला लागली. भाजीवाल्या झाल्या, पिठाची गिरणी झाली, नारायणगावचा टोमॅटोचा आडत्या झाला. पोस्टमनला तर कळेचना, त्याला कधी काय बोलली होती. राहिलं फक्त शेजारचं दार. त्याऐवजी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासकट मेसेज गेला. चाचीनं वाचल्याची खूण आली.

"वाचलं तिनं. झालं माझं," खाला म्हणाली.

चाचीचा निरोप माझ्याकडे आला. "तिला सांग, घाण एकाच दारात टाकली व्हती. आता गावभर झाडू मारती व्हय?"

मी शब्द न बदलता पोचवला. खाला पहिल्यांदाच हळू म्हणाली, "सना, तिनं माफ न्हाई केलं, तर माझा उमरा कबूल व्हईल का गं?"

माणसाचा हक्क मारलेला असेल तर माफी त्या माणसाकडूनच घ्यावी लागते, असं मी शिकले होते. तेच सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी खाला मला घेऊन वारूळवाडीला गेली. त्या मुलाच्या आईसमोर उभी राहिली. "जुन्नरची रेश्मा तोंडाळ न्हवती. मी खोटं बोलले व्हते."

त्या बाईनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून त्यांची सून नवऱ्याला खणखणीत आवाजात काहीतरी ऐकवत होती.

"आता सांगता व्हय, खाला?"

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी खाला चाचीच्या दारात गेली. अख्खा वर्ग मागे भिंतीशी उभा.

"हसीना, ते स्थळ मला माझ्या भाचीसाठी पायजे व्हतं. तुझ्या पोरीत कायबी खोट न्हवती. तिथं जाऊन सांगून आले. आता तू माफ कर."

कित्येक वर्षांनी त्या दोघी मधे कुणाला न घेता बोलत होत्या.

"आज न्हाई व्हत माझ्याच्यानं," चाची म्हणाली. "तोंडदेखलं म्हणू का?"

"तसलं नको," खाला म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

माफ करण्याचा सवाब, म्हणजे पुण्य, किती मोठा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आईनं माझा हात दाबला.

सकाळी मुंबईच्या विमानतळासाठी गाडी आली. पुढे खालाचा मुलगा, मागे खाला, डोळे सुजलेले. गाडी चालू झाली आणि शेजारचं दार उघडलं. चाची बुरखा घालून बाहेर आली, घराला कुलूप लावलं, गाडीचं मागचं दार उघडलं.

"सरक."

खाला सरकली. "तू कुठं?"

"मुंबई लांब हाय," चाची आत बसत म्हणाली. "तवर बघते."