बांडीचे राहिलेले दार

नलिनी नागोराव नगराळे. जन्म १९७८, मौजे कोपरी, तालुका घाटंजी. मृत्यू २०१६, त्याच गावी. गाव तिला नलू म्हणे, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे.

नलूचे वडील नागोराव हे गावाचे ढोरकी. घरोघरची गुरे सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर, जमत. तेथून नागोराव ती रानात नेत आणि दिवस मावळता पुन्हा आखरावर आणून सोडत. कापसाच्या पडत्या वर्षांत वैरण मिळेनाशी झाली आणि एकेका घराने आपल्या गुरांना बाजार दाखवला. आखर ओस पडले. तरीही नागोराव कित्येक दिवस सकाळी काठी टेकून तेथे उभे राहत. पुढे तेही थांबले, आणि त्यासोबत त्यांचे बोलणेही.

नलू तेव्हा घाटंजीत घनश्याम यांच्या संगणक वर्गात शिकवीत असे. घनश्याम यांनी हौसेने इंटरनेटवरील एका आभासी जगात जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला होता. देशोदेशीचे लोक तेथे घरे बांधत, बागा लावत. घनश्याम यांच्या तुकड्यावर वर्गाचा फलक तेवढा उभा होता आणि भोवती हिरवे, निःशब्द गवत.

"सर, तिथं चार गाई सोडू का?" नलूने विचारले.

"सोडा न. पण शेण कोण काढन?"

नलूने गाई घडवल्या. प्रत्येकीमागे चालण्याची, चरण्याची, मान वळवण्याची आज्ञावली लिहिली. बाजाराच्या दिवशी वडिलांना आणून तिने पडद्यासमोर बसवले. वर पंखा संथ फिरत होता. पडद्यातल्या गवतावरून वारा जाई, पण आवाज नव्हता. गाई चालत, पण त्यांना सावली नव्हती. नागोराव पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग एका शिंगमोड्या, ठिपक्यांच्या गाईकडे बोट दाखवून म्हणाले,

"हे आपली बांडी हाय न व?"

त्यानंतर प्रत्येक बाजाराला ते धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून येत आणि रानातल्या दगडावर बसावे तसे खुर्चीवर बसत. घरी परतल्यावर दोन शब्द बोलतही.

परंतु गाईंना हद्द ठाऊक नव्हती. शेजारचा तुकडा परदेशातील एका बाईचा होता. गाई तिच्या बागेत शिरल्या. तिने तक्रार केली आणि व्यवस्थापकांनी ताकीद दिली की पुन्हा एक जरी गाय बाहेर दिसली, तर सगळा कळप पुसून टाकण्यात येईल.

"नलूताई, तुमच्या गाई त्या बाईच्या गुलाबात बसून राह्यल्या," घनश्याम म्हणाले. "आपल्या इकडं कोंडवाडा तरी हाय. दंड भरला का जनावर सुटते. इथं तेही नाही."

नलूने वडिलांना हे सांगितले नाही. गेलेला कळप त्यांना एकदा परत मिळाला होता. तो दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नव्हता. तिने हद्दीवर न दिसणारी भिंत घातली. गाई भिंतीला नाक लावून जागच्या जागी थरथरू लागल्या.

"काहून कापून राह्यल्या? थंडी हाय का तिकडं?" नागोरावांनी विचारले.

नलूने त्याच दिवशी भिंत काढली आणि गाई बंद करून ठेवल्या. संध्याकाळी जीपमधून उतरून ती आखरावरून घरी निघाली. तेथे आता गवत माजले होते. लहानपणी ती वडिलांच्या मागून याच वाटेने येई; परतताना गुरांना कोणी अडवीत नसे, हाकीतही नसे. दिवस कलला की त्यांचे पाय आपोआप वळत, झोपेत कूस बदलावी तसे. तिने तुकड्याच्या मधोमध एक जागा आखर म्हणून ठरवली आणि आज्ञावली नव्याने लिहिली: प्रत्येक गाईने ते आखर ध्यानात ठेवावे, आणि जितके दूर जावे तितकी आखराची ओढ वाढावी.

पुढच्या बाजाराला गाई हद्दीपर्यंत चरत गेल्या, क्षणभर थबकल्या आणि वळल्या. एकही बाहेर गेली नाही. मात्र त्या जगातला सूर्य मावळला, तेव्हा सगळ्या आखरावर येऊन एकमेकींत घुसल्या. शिंगात शिंगे, पोटात पोटे. त्या दाटीच्या रेट्याने कडेची गाय हद्दीकडे ढकलली जाऊ लागली.

"अजून उभ्या काहून?" नागोराव म्हणाले. "घरी नाही जात?"

"घर कुठलं बाबा? आखरावर तर आणून सोडलं."

नागोराव हसले. "माह्यं काम आखरावर सरे, नले. गाईचं कुठं सरते?"

ढोरक्याची पोर ती; आखरावरून रोज वडिलांसोबत आपल्या घराकडे वळलेली. तेथून पुढे गाई कोणत्या बोळीने जात, हे तिने कधी पाहिलेच नव्हते.

मग कोणती गाय कोणत्या घरची ते वडील सांगत गेले आणि ती पडद्यावर एकेक दार उभे करीत गेली. चांदीचे दार विहिरीपाशी, तांबूचे चिंचेखाली. प्रत्येकीच्या ध्यानात आता आपापले दार होते. पडद्यावर पुन्हा सांज झाली. आखरावरून एकेक गाय वेगळी होऊन आपल्या दाराशी जाऊन बसली. दाटी उरली नाही. बांडी तेवढी उभी राहिली.

"तिचं दार?"

"ते घर उठलं. सुरतेले गेले सारे."

"मग चांदीच्या दाराशी ठेवू?"

"दुसऱ्याच्या दारी कायले? राहू दे आखरावर. आले का देजो दार."

पुन्हा तक्रार आली नाही. नागोराव २०१३ साली वारले. अखेरच्या बाजारापर्यंत ते येत होते. नलू गेल्यावर वर्ग बंद झाला. घनश्याम यांनी फलक काढला, जागा मात्र सोडली नाही, आणि गुरांना कोणी हात लावायचा नाही असे ठरले. चांदी, तांबू आणि इतर गाई अजूनही सांजेला आपापल्या दारी पोचतात. बांडीच्या घरचे लोक परतलेले नाहीत. तिचे दार देणे राहिले आहे.