निळ्या भिंतीपुढचा जिना

गीताबाईला आधी तिच्या पोरानं फसवलं आणि मग मी. त्याचं तो बघून घेईल. माझं मला सांगून टाकायचंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी काकासाहेब. एसटीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा स्टँडवर कंट्रोलर म्हणून. माईकवर गाड्या पुकारून पुकारून आवाज असा झालाय की घरात पाणी मागितलं तरी शेजारी दार उघडून बघतात. राहतो संभाजीनगरात, सिडकोत, पण दौलताबादला दोन एकर आहे, त्यामुळं दर रविवारी तिकडं चक्कर असते. माझ्या बांधाला बांध गीताबाईचा. तिला सख्खा भाऊ आहे गंगापूरला, तरी भाऊबीजेला ती मलाही ओवाळायची.

बत्तीस वर्षं झाली, बाई किल्ल्याच्या दाराशी पेरू विकते, आणि दिवाळीच्या आसपास सीताफळं. नवरा लवकर गेला. शिक्षण चौथी. पण माणूस ओळखावा तर तिनं! गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघतच नाही, पायाकडं बघते. "ह्ये बूट वर जात नाय भाऊ. अर्ध्यातनं माघारी येतंय बघा, मग पेरू घेतंय." आणि अर्ध्या तासात तो माणूस घाम पुसत तिच्या पाटीपुढं उभा.

गाइड लोकांवर तिचा विशेष राग. ते रोज तिच्यासमोरून जाणार, तेच बोलणार, तिथंच हसवणार. मला म्हणायची, "गाइड दावतो त्ये बघूच नाय. त्यो जिथनं घाईनं पुढं नेतो ना, तिथं थांबावं. तिथं कायतरी असतंय." मी हसायचो. म्हटलं, बाई किल्ल्यासमोर बसून बसून फौजदार झाली.

तिचा एकुलता एक पोरगा राजकुमार. इथं शहरात हॉटेलचा कोर्स केला आणि सहा वर्षांपूर्वी पोर्तुगालला गेला, लिस्बनला. तिथल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला. जायच्या आधी गीताबाईनं त्याची सुपारी फोडली, आपल्याच भावाच्या पोरीशी, मोनिकाशी. मामाची पोर, घरातलं घरात, सगळे खूश. पोरगा म्हणाला, "कागद झाले की येतो, मग लग्न." कागद काही होईनात. एक दिवाळी गेली, दुसरी गेली, पाच गेल्या.

पण फोन मात्र त्यानं कधी चुकवला नाही, हे खरं. दर रविवारी साडेपाचला इथं किल्ल्याची गर्दी ओसरायची, तिकडं दुपार असायची. राजकुमार फोन हातात धरून चालायला लागायचा आणि आईला शहर दाखवायचा. ही पालथ्या क्रेटवर बसून बघायची, आवाज पार फुल. चढावर कण्हत जाणारी पिवळी ट्राम. खिडकीखिडकीत वाळत घातलेले कपडे. दारात शेगडी मांडून मासे भाजणाऱ्या म्हाताऱ्या. "अगं बया, रस्त्यावरच भाजती की ही! आपल्यावानीच हाय सगळं," असं म्हणून खूश व्हायची. मोरारिया नावाची वस्ती, तिथली आपल्याकडची, बांगलादेशातली, नेपाळची दुकानं, तिथून वर चढलं की अल्फामा. गंगापूरला तहसील कुठंय हे तिला आजही विचारून जावं लागतं, पण अल्फामातल्या गल्ल्या पाठ! एकदा एका गोऱ्या म्हाताऱ्याला तिनं "लिस्बन? अल्फामा? माझं पोरगं!" असं सुनावलं होतं, तो बिचारा पेरू हातात धरून बघतच राहिला.

गेल्या वर्षी आमच्या सरूनं हट्ट धरला. सरू म्हणजे माझी बायको. आयुष्यभर लोकांच्या गाड्या लावल्या, आता एकदा आपण बसा म्हणाली. स्पेन-पोर्तुगाल, बारा दिवस, सप्टेंबर. ही बातमी गीताबाईला कळली आणि ती सिडकोत आमच्या घरी आली, हातात स्टीलचा डबा घेऊन. आत कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी.

सरू चहा टाकायला आत गेली तशी गीताबाई हळू आवाजात बोलायला लागली. "भाऊ, एक काम हाय. अल्फामात निळ्या फरशीची एक भिंत हाय. तिथं आला की राजकुमार दर वक्ताला फोन उजवीकडं वळवतो. डाव्या अंगाला एक जिना खाली जातो. पाच वर्षांत त्यो जिना त्येनं एकदा बी दावला नाय. इचारलं तर म्हनतो, तिथं रेंज नाय."

"नसेल रेंज," मी म्हटलं.

"नसंल. पन मोनिका सत्तावीसची झाली. माझ्या शब्दावर भावानं दोन चांगली स्थळं परत लावली. वयनी आता माझ्याशी धड बोलत नाय. तुम्ही त्यो जिना उतरा आन मला एकच सांगा. पोरीला बसवून ठेवू, का मोकळी करू?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "बघून येतो. जे असेल ते सांगतो." छातीवर हात ठेवून, बरं का.

लिस्बनला टूर मॅनेजर झेंडी घेऊन पुढं पळायचा आणि आम्ही तीस म्हातारे मागं. हे चर्च, हा मनोरा, चला चला. मी शेवटी ओरडलो, "अहो, गाडी सुटतेय का?" चार पोर्तुगीजही वळून बघायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मोकळीक मिळाली. राजकुमारनं मला मोरारियाच्या मोठ्या चौकात चार वाजता बोलावलं होतं. सरूचे गुडघे हॉटेलातच राहिले. मी दोन वाजताच डबा घेऊन निघालो.

खरं सांगतो, नकाशा लागला नाही. चौकात उतरलो तर गीताबाईनं सांगितलेलं एकेक समोर यायला लागलं. मसाल्याचं दुकान, दारात भेंडी आणि कारली. पुढं केस कापणारे बांगलादेशी, सगळे खुर्च्यांवर गप्पा मारत बसलेले. मग चढ, असला चढ की दौलताबादची आठवण यावी. ट्रामला जागा द्यायला मी भिंतीला चिकटलो आणि आतल्या बाईनं हात हलवला. वर अल्फामात तर नुसता गलका. या खिडकीतून त्या खिडकीत गप्पा, खाली पोरं चेंडू खेळतायत, कुणीतरी मासे भाजतंय, धूर डोळ्यांत. मला ते गाव फार आवडलं. वाटलं, गीताबाईला एकदा इथं आणून बसवावी, पेरूची पाटी घेऊन.

निळ्या फरशीची भिंत आली. मी डावीकडं वळलो आणि जिना उतरलो.

खाली छोटा चौक होता. एका दारातून राजकुमार बाहेर येत होता आणि त्याच्या खांद्यावर एक पोरगी होती, तिचे कुरळे केस त्याच्या डोळ्यांवर आलेले. पोरीच्या गालाला काजळाची तीट. दारात एक सावळी, उंच बाई कपड्यांना चिमटे लावत होती. त्यानं मला बघितलं आणि पोरीला खाली उतरवून ठेवलं.

"काका, तुम्ही तर चारला..."

"कोण ही?" मी विचारलं. माईक नव्हता, पण चौकातली चार दारं उघडली.

बायको होती. ब्राझीलची, त्याच्याच भटारखान्यात कामाला. लग्नाला चार वर्षं झालेली. बाई हसून पुढं आली, मला खुर्ची दिली, कॉफी दिली. ती इतकी साधी होती की तिच्यावर रागावताही येईना. मी मराठीत तोफ डागली. "आणि मोनिका? ती पोरगी तिथं तुझ्या नावानं बसलीय! तुझ्या आईनं भावाला शब्द दिलाय, नालायका! तीट लावायला आई आठवली, सांगायला नाही आठवली?" बाई एकदा माझ्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती. मोनिकाचं तिला काही ठाऊक नव्हतं.

राजकुमार रडायला लागला. पाय धरले. "काका, दिवाळीला येतो, मी स्वतः सांगतो. तुमच्या तोंडून कळलं तर आई मरंल. तेवढं फक्त करू नका." आणि नेमकी तेव्हा ती पोरगी आली आणि तिनं माझा अंगठा धरला.

झालं. मी विरघळलो. जन्मभर ड्रायव्हर-कंडक्टरांना शिव्या घातल्या, तिथं मला एका अंगठ्यानं गप्प केलं. म्हटलं, बरं, दिवाळीपर्यंत.

बाईनं चटणी काढून घेतली आणि डबा ठेवून घेतला. राजकुमारनं तिला शिकवलं होतं म्हणे, आईकडून आलेला डबा रिकामा परत जात नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा त्यानं हॉटेलवर आणून दिला, झाकणाला टेप लावून. दुसऱ्याचा डबा उघडू नये, मी उघडला नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी किल्ल्यावर गेलो. गीताबाईनं दुसरं क्रेट पालथं करून मला बसवलं. डबा मांडीवर घेतला. मी सुरू झालो. ट्राम सांगितली, भेंडीचं दुकान सांगितलं, खिडकीतल्या गप्पा, मासे, धूर. ती सगळ्याला मान हलवत होती.

"आन त्यो जिना?"

"जिना ना? उतरलो की. खाली बंद गल्ली आहे, कचऱ्याचे डबे नुसते. काही नाही तिथं. बरं, वर ते मोठं चर्च आहे ना, तिथून नदी काय दिसते..."

तिनं मला नदी पूर्ण करू दिली. मग नखानं टेप काढली. आत खोबऱ्याचे लाडू होते, सगळे एका मापाचे, ओळीनं लावलेले. फक्त कोपऱ्यात चार लहान, वाकडेतिकडे, चेपलेले. तिनं त्यातला एक तळहातावर घेतला आणि उजेडाकडं धरला. त्याच्यावर बोटं उमटली होती.

"ह्ये कुणी वळले?"

"हॉटेलातले असतील."

"हॉटेलात एवढ्याल्या बोटांची मानसं हायत व्हय कामाला?"

मी पाटीतल्या पेरूंकडं बघत बसलो. ती थांबली होती, गिऱ्हाईक परत यायची वाट बघत थांबते तशी.

"केवढं हाय?"

"तीन वर्षांची," मी म्हटलं.

"नाव काय?"

तेव्हा मला कळलं की मला माहीत नाही. तासभर त्या दारात बसलो, कॉफी प्यालो, आरडाओरडा केला, पोरीनं अंगठा धरला, आणि मी तिचं नाव विचारलं नव्हतं.

"नाव बी नाय इचारलं," ती म्हणाली. लाडू परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. पाटी तशीच शेजारच्या बाईच्या हवाली करून जीपच्या अड्ड्याकडं निघाली. त्याच संध्याकाळी गंगापूरला जाऊन तिनं भावाच्या आणि भावजयीच्या पायावर डोकं ठेवलं आणि मोनिकाला मोकळं केलं. भावजय काय काय बोलली ते मला गंगापूरच्याच एका कंडक्टरकडून कळलं, इथं लिहीत नाही. राजकुमारचे फोन ती आता उचलत नाही. आणि पठ्ठ्या दिवाळीला आलाही नाही.

भाऊबीजेला मी साडी घेऊन तिच्या घरी गेलो. चहा दिला, फराळाची बशी दिली, सरूच्या गुडघ्यांची चौकशी केली. देवाजवळ ताट तयार होतं, निरांजन, सुपारी, सगळं. ते गंगापूरच्या भावासाठी होतं, तो यायचा होता. मी तासभर थांबलो. शेवटी न राहवून म्हटलं, "गीताबाई, मला ओवाळणार नाही का यंदा?"

तिनं रिकामी बशी उचलली.

"पोरानं लपवलं, भाऊ. गाइडच त्यो, त्येला लपवायचंच होतं," ती म्हणाली. "तुम्हाला तर मी माझे डोळे म्हनून धाडलं होतं."