अर्धं बोट सिंगल माल्ट

माझ्या नवऱ्याला नाक आहे, हे मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं. तोवर वरण आंबलं तरी ते निमूट जेवायचे आणि दूध करपलं तरी चहा छान झाला म्हणायचे. त्र्याऐंशी साली त्यांच्या चुलतभावाने विलायतेहून एक बाटली आणून दिली आणि आठवड्याभरात आमच्या वरठीच्या क्वार्टरमध्ये त्यांच्याच रूपाने एक मोठे रसिक राहायला आले.

बाटली सिंगल माल्ट स्कॉचची होती आणि ती शेरीच्या पिंपात मुरलेली आहे, असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत. शेरी म्हणजे स्पेनकडची द्राक्षांची दारू. ती काढून घेतली की रिकाम्या पिंपात ही व्हिस्की भरून बारा वर्षं ठेवतात, म्हणजे आधीच्या दारूचा रंग आणि वास हिला लागतो. मी ऐकून घेतलं. लोणच्याची बरणी न धुता मी तिच्यात साखर भरली असती तर याच माणसाने घर डोक्यावर घेतलं असतं.

एका रविवारी दुपारी बाटली उघडायचं ठरलं. पाहुणे तिघे: यांच्या कारखान्यातले एक साहेब, भंडाऱ्याचे डोळ्यांचे डॉक्टर आणि कॉलेजातले एक प्राध्यापक. आदल्याच दिवशी माझे बाबा आंधळगावहून लाखोळीची डाळ घेऊन आले होते. त्यांना अलीकडे अंधुक दिसायचं, सोमवारी याच डॉक्टरांना डोळे दाखवायचे होते. लेकीच्या घरी राहायचं नाही हा त्यांचा नियम. तो मोडून ते पहिल्यांदाच चार दिवसांच्या मुक्कामाला आले होते.

सकाळीच मी नवऱ्याला म्हटलं, "बाबांना आत बसवून ठेवू नका. तुमच्यासोबत बसवा, त्यांनाही द्या." माझी एवढीच मागणी होती.

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

बाबांना दारूतलं कळत होतं. ते वर्षातून दोनदाच घेत, पोळ्याला आणि शिमग्याला. पण मोहाची कोणती पहिल्या धारेची आणि कोणतीत पाणी घातलं, हे तळहातावर थेंब चोळून सांगत, आणि त्यासाठी गावची माणसं त्यांच्याकडे येत. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. इंजिनिअरच्या बायकोला ते शोभत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

भजी तळायला घेतली तर हुकूम आला, स्वयंपाकघराचं दार लावून घे, तळणाच्या वासाने नाक बिघडतं. दार लावलं, पण ऐकू सगळं येत होतं. नाकाने कांदे सोलणारे चारजण एका खोलीत बसलेले मी त्या दिवशी ऐकले. एकाला वासात मनुका लागली, दुसऱ्याला अंजीर. साहेबांना संत्र्याची साल सापडली, तर प्राध्यापकांना त्यांच्या आजोबांच्या कपाटाचा वास आला. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर आणला होता, त्याने ते प्रत्येकाच्या पेल्यात दोन दोन थेंब पाणी टाकत होते, म्हणजे म्हणे वास उमलतो. आमचे हे बाटलीच्या खोक्यावर छापलेलंच पुन्हा पुन्हा सांगत होते. मी ते खोकं पुसताना दहा वेळा वाचलं होतं.

बाबांना बसवलं होतं, धुतलेलं धोतर नेसून, खुर्चीच्या टोकावर. त्यांना सर्वांत शेवटी पेला मिळाला आणि त्यात अर्धं बोट व्हिस्की. भज्यांची ताटली घेऊन मी दारात आले तेव्हा ते पेल्याकडे पाहत होते. मग त्यांनी भोवती पाहिलं. सगळेजण पेले नाकाशी धरून बसलेले, ओठाला कोणीच लावत नव्हता.

आमच्या गावाकडे दारू घेण्याआधी थोडी धरतीला आणि पितरांना देतात. ती दिल्याशिवाय कोणी घोट घेत नाही, आणि द्यायचा मान बैठकीतल्या सर्वांत वडील माणसाचा. बाबांच्या मनात काय आलं ते मला दारातच कळलं. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत, ही अर्धं बोट पितरांपुरतीच दिलीय, जावयाने आपल्याला मान दिला. त्यांचा चेहरा खुलला होता. पेला दोन्ही हातांनी धरून ते अंगणात गेले, पेरूच्या झाडाखाली तो पुरता रिकामा केला, हात जोडले आणि परत येऊन म्हणाले, "देली. घ्या आता सारेजण."

प्राध्यापक म्हणाले, "बारा वर्षांची तपश्चर्या पेरूला गेली," आणि खोली हसली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा म्हणाला, "बाबा, ती प्यायची होती," आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हसले. तोंडावर पदरही घेतला नाही.

"असं काय," बाबा म्हणाले. त्यांनी पेला टेबलावर ठेवला. एक भजं खाल्लं, मी तळलं होतं म्हणून. पुन्हा कोणी त्यांना विचारलं नाही, कारण आता घसा गरम कसा होतो यावर चर्चा चालली होती. थोड्या वेळाने बाबा उठले आणि आत येऊन पिशवी भरू लागले.

"उद्या डोळे दाखवायचे आहेत ना?"

"दाखवीन मंग. लाखोळी वाळत टाकून आलो बाई, ढोरं खाऊन राहिले असतीन."

लाखोळी घरात आली होती, तिचीच डाळ त्यांनी मला आणली होती. मी ते बोलून दाखवलं नाही. चारच्या बसला सोडायला गेले. थांब्यावर रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं,

"पितरायले देली, त्यात माह्यं काही चुकलं काय?"

"नाही, बाबा."

"मंग तू काहून हासली?"

तेवढ्यात बस आली आणि मला हायसं वाटलं.